नळाची रेषा वाचता आली पाहिजे



२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ‘ऑटोकॅड’ हे संगणकावर नकाशे काढण्याचे साधन बाजारात आले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. आज मात्र शाळा, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रे यांचे आराखडे संगणकावर तयार होऊन या वनप्रदेशात येतात. ग्रामपंचायतीत नकाशा उलगडला की सर्वांची दृष्टी खोल्या, दारे, खिडक्या यांवर खिळते. नळाच्या व सांडपाण्याच्या बारीक रेषांकडे क्वचितच कोणी पाहतो. इमारत पुढे नांदती राहणार की नाही, हे पुष्कळदा त्या रेषांवरच अवलंबून असते.

साध्या नकाशात नळाची रेषा ही केवळ रेषाच असते. ‘रेव्हिट’सारख्या नंतरच्या साधनांत ती खऱ्या नळाची प्रतिकृती होते. नळ पिण्याच्या पाण्याचा की सांडपाण्याचा, त्याचा व्यास किती, जमिनीपासून उंची किती, उतार किती, हे रेखाटनाच्या वेळीच ठरवावे लागते. नळ तुळईतून आरपार जात असेल तर तो दोष बांधकामापूर्वीच दाखविता येतो. पडद्यावरील चूक पुसावयास खर्च नाही. भिंतीतील चूक फोडूनच काढावी लागते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. अशा ठिकाणी कमी पडलेला एक कोपरही काम अडवून ठेवू शकतो.

उताराचेच उदाहरण घेऊ. शौचालयापासून शोषखड्डा २० मीटर दूर आहे आणि नळाला ४० मीटरला १ मीटर असा उतार द्यावयाचा आहे. म्हणजे खड्ड्याशी नळ ५० सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. धानाच्या सपाट शिवारात, जेथे पावसाळ्यात भूजल वर येते, तेथे हे ५० सेंटिमीटर कोठून आणावयाचे? त्यासाठी जोत्याची उंची आरंभीच वाढवावी लागते, अथवा खड्ड्याची जागा बदलावी लागते. तसे न झाल्यास मैला नळातच साचतो, शौचालयास कुलूप लागते आणि त्याची झळ प्रथम मोठ्या मुलींना बसते. मासिक पाळीच्या दिवसांत त्या शाळेत येईनाशा होतात. नकाशातील एका आकड्याची ही किंमत आहे.

दुसरे उदाहरण पिण्याच्या पाण्याचे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून, अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. याहून अधिक फ्लोराईडचे पाणी दीर्घकाळ पोटात गेल्यास दात व हाडे यांस अपाय होतो. अशा गावी पिण्याचे पाणी सुरक्षित स्रोतातून आणि धुण्याचे पाणी विंधनविहिरीतून आणावयाचे असल्यास दोहोंच्या रेषा निराळ्या रंगांत असाव्यात व त्या कोठेही जोडल्या जाऊ नयेत. एक चुकीचा जोड दोन्ही पाणी एक करतो, आणि फ्लोराईडला रंग वा वास नसल्याने ते कोणाच्या ध्यानीही येत नाही.

तथापि, संगणक सर्वज्ञ नव्हे. जे सांगावे तेच तो मानतो. पुराचे पाणी कोठवर चढते, विहीर उन्हाळ्यात केव्हा आटते, मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, हे गावकऱ्यांनाच ठाऊक असते. ही माहिती आराखडा मंजूर होण्यापूर्वी अभियंत्यापर्यंत पोहोचली पाहिजे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटात विषय समजून घेऊन मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. त्या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलाचा विषय ज्या रीतीने समजून घेता येतो, त्याच रीतीने शाळेचा नकाशाही समजून घेता येईल.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पाणी कोठून येते व कोणत्या तोटीला जाते? सांडपाणी कोणत्या उताराने कोठे जाते? नळ तुंबल्यास तो उघडावयाची जागा कोठे ठेवली आहे? काम संपल्यावर प्रत्यक्ष बांधले तसा दुरुस्त नकाशा मागून घ्यावा व मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जपून ठेवावा. दहा वर्षांनी गळती लागली, तर नव्या कारागिराला सबंध भिंत फोडावी लागणार नाही.

रेषा काढण्याचे काम अभियंत्याचे खरे. परंतु ती वाचण्याचा अधिकार, आणि कर्तव्यही, जे त्या इमारतीत वावरणार त्या सर्वांचे आहे.