पाकिटातली पूड आणि सरकारचा शब्द



युद्धाचे भय आणि रोगाचे भय ही दोन्ही मनुष्यजातीच्या पुरातन परिचयाची असली, तरी ती दोन्ही एकवटून टपाल खात्यानेच विकलेल्या छापील तिकिटाच्या साध्या पाकिटातून दारात येऊन पडावीत, हा प्रसंग अमेरिकेतील जनतेवर २००१ सालच्या शरद ऋतूत आला. न्यूयॉर्कचे मनोरे ११ सप्टेंबरला कोसळले. त्यानंतर आठवड्याच्या आतबाहेर, न्यू जर्सीतील ट्रेंटनचा १८ सप्टेंबरचा शिक्का असलेली पत्रे वृत्तपत्रांच्या व दूरचित्रवाणीच्या कचेऱ्यांकडे निघाली, आणि मागाहून ९ ऑक्टोबरच्या शिक्क्याची दोन पत्रे वॉशिंग्टनमधील सिनेटर टॉम डॅशल व पॅट्रिक लेही यांच्या नावे. आपल्याकडील पशुपालक ज्या रोगाला काळपुळी किंवा फाशी म्हणतात आणि ज्याचे इंग्रजी नाव अँथ्रॅक्स, त्याच्या जंतूंची बीजे त्या पुडीत होती. एकूण २२ जणांना बाधा झाली व त्यांतील ५ दगावले. एवढ्या अफाट देशाच्या मानाने हा आकडा लहान म्हणावा लागेल. परंतु त्या दोन महिन्यांत सरकारच्या शब्दाची जी किंमत उतरली, ती पुढे कित्येक वर्षे भरून आली नाही, आणि आज मला बोलावयाचे आहे ते त्या शब्दाविषयी.

पहिला बळी फ्लॉरिडातील एका वृत्तपत्र-कंपनीचा छायाचित्र-संपादक. तो ५ ऑक्टोबरला वारला. त्याच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी आरोग्य खात्याचे मंत्री टॉमी थॉम्प्सन यांनी पत्रकारांना सांगितले की हे एकटेदुकटे प्रकरण दिसते, आणि जाता जाता असेही सुचविले की हा गृहस्थ नॉर्थ कॅरोलिनात फिरावयास गेला असता एका ओढ्याचे पाणी प्यायला होता. ज्याच्या फुप्फुसांत बीजे श्वासावाटे शिरली, त्याच्या रोगाचा खुलासा ओढ्याच्या पाण्याने कसा व्हावा, हे वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या कोणासही उमगेना. मंत्रिमहाशयांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. लोकांनी घाबरू नये एवढीच त्यांची इच्छा. पण अंमलदारांना जेव्हा रोगापेक्षा लोकांच्या घाबरण्याचीच धास्ती अधिक वाटू लागते, तेव्हा जी खात्री दप्तरात कोठेच नाही ती जिभेवर येऊन बसते. पहिल्या आठवड्यात उधार घेतलेल्या या खात्रीची फेड तिसऱ्या आठवड्यात करावी लागली, आणि ती करणारे मंत्रिमहाशय नव्हते.

ती केली वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातील कामगारांनी. डॅशल यांचे पत्र १५ ऑक्टोबरला त्यांच्या कचेरीत फोडले गेले, आणि पाहता पाहता सिनेटच्या कर्मचाऱ्यांच्या नाकातील नमुने घेण्यात आले, सिप्रो या प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटण्यात आल्या आणि इमारत रिकामी करण्यात आली. ते पत्र ज्या यंत्रांतून गेले होते ते ब्रेंटवुडचे केंद्र मात्र रात्रंदिवस चालू राहिले. कारण बंद पाकिटातून बीजे बाहेर पडत नाहीत, असा रोगनियंत्रण केंद्रातील तज्ज्ञांचा समज होता. पत्रे वेगाने दाबून पुढे ढकलणारी यंत्रे, ती साफ करताना सोडलेला दाबाच्या हवेचा झोत, आणि कागदाच्या छिद्रांहूनही सूक्ष्म असलेली बीजे, या तिहींचा एकत्र विचार कोणी केलाच नव्हता. एवढेच नव्हे, तर पत्रे धाडणाऱ्यास पकडून देणाराला दहा लाख डॉलरांचे बक्षीस जाहीर करण्यासाठी पोस्टमास्टर जनरलांनी १८ तारखेला पत्रकार परिषद भरविली ती त्याच केंद्रात! कामगारांना धीर यावा हाही त्यातला एक उद्देश. २१ तारखेला एका कामगाराच्या रोगाचे निदान पक्के झाले, तेव्हा केंद्र बंद पडले. त्या आणि दुसऱ्या दिवशी मिळून दोन कामगार मरण पावले. त्यांतील एकाने २१ तारखेच्या सकाळी आणीबाणीच्या दूरध्वनीवर शांतपणे सांगितले होते की मला अँथ्रॅक्सची बाधा झाली असावी, आमच्यापैकी एकीला पूड असलेले पाकीट आढळले होते, आणि त्यात काय निघाले हे वरिष्ठ आम्हांस सांगत नाहीत. तो संवाद पुढे प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांना जे सुचले नव्हते, ते या टपाल-कामगाराने स्वतःच्या श्वासावरून ताडले होते.

ब्रेंटवुडचे कामगार बहुतांशी कृष्णवर्णीय होते. काँग्रेसच्या पोलिसांच्या कुत्र्यांचीसुद्धा आमच्याआधी तपासणी झाली, असे ते आपापसांत बोलत. पुढे त्यांना गोळ्या मिळाल्या त्याही सिप्रोच्या नव्हेत, डॉक्सिसायक्लिनच्या. दोन्ही औषधे सारखीच गुणकारी, आणि दुसऱ्याचा वापर वाढविण्यास सबळ वैद्यकीय कारणेही होती; पण ते औषध स्वस्त होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तेवढेच लागले. हा निव्वळ संशयखोरपणा म्हणावा, तर अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून तब्बल ४० वर्षे सरकारी आरोग्यसेवेने उपदंशाच्या शेकडो कृष्णवर्णीय रोग्यांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचाराविना ठेवून केवळ न्याहाळले होते, आणि त्या प्रयोगाची अखेरची वर्षे ज्या संस्थेच्या देखरेखीखाली गेली, तीच रोगनियंत्रण केंद्र ही संस्था. सिनेटच्या लोकांना वाचवायचे आणि यांना मरू द्यायचे असा कट कोणी केला नव्हता, हे मला मान्य आहे. पण ज्याला आतले ठाऊक नाही, बाहेरचे मात्र सगळे दिसते आहे, त्याने दुसरा कोणता निष्कर्ष काढावयाचा?

आपण मराठी माणसांनी त्यांना अडाणी ठरविण्याची घाई करू नये. १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या गिरणीकामगारांचा जमाव ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, तो तेथे रोग्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात या अफवांच्या दिवसांत. आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या अमदानीत गोऱ्या शिपायांनी देवघरापर्यंत घरे तपासली, त्याची परिणती सर्वश्रुत आहे. मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण इस्पितळात आपले काही चालत नाही, हा त्यामागचा अनुभव खोटा नव्हता.

अमेरिकन तपासाची कथा संशय फेडणारी निघाली नाही. पुडीतले जंतू सैन्याच्या संशोधनातही वापरल्या जाणाऱ्या वाणाचे होते. तपासयंत्रणेने आधी एका शास्त्रज्ञावर जाहीरपणे नजर रोखली, आणि २००८ मध्ये त्याला लक्षावधी डॉलरांची भरपाई देण्याची पाळी सरकारवर आली. त्याच वर्षी फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेतील ब्रूस आयव्हिन्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाचा आरोपपत्रापूर्वीच मृत्यू झाला, आणि अपराधी तोच असे ठरवून २०१० मध्ये मामला बंद करण्यात आला. केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून असा ठाम निर्णय देता येत नाही, असे त्यानंतरच्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने नमूद केले.

तरी मला त्याहून बोलका वाटतो तो २००१ च्या डिसेंबरातला प्रकार. साठ दिवसांच्या गोळ्या संपत आल्या, पण फुप्फुसांत काही बीजे सुप्तावस्थेत उरली असतील अशी शंका होती. म्हणून आणखी चाळीस दिवस गोळ्या, आणि हवी असल्यास लस, असा पर्याय कामगारांपुढे ठेवण्यात आला. बाधेनंतर ती लस देण्याची रीतसर परवानगी नव्हती, म्हणून ती प्रायोगिक समजली जाईल असे संमतिपत्रात लिहिले होते. आणि लस घ्या किंवा घेऊ नका, यांपैकी कोणतीच शिफारस सरकारने केली नाही. आम्हांस निश्चित ठाऊक नाही, तुमचे तुम्हीच ठरवा, असे ते प्रांजळ निवेदन होते. ऑक्टोबरात ते केले असते, तर कदाचित कोणी त्याचे स्वागतही केले असते. डिसेंबरात कामगारांनी संमतिपत्र हाती घेतले, त्यात ‘प्रायोगिक’ हा शब्द वाचला, आणि फारच थोड्यांनी सही केली.