वेल्डिंगचा संसार एका गाडीवर

 

आजचा विषय लोखंडी आहे. वेल्डिंगचं सामान ठेवायला चाकांची गाडी घरच्या घरी कशी बनवायची, ते सांगणार आहे. मी लष्कराच्या ईएमईमध्ये नोकरी केली. म्हणजे तोफा, ट्रक, रणगाडे बिघडले की ज्यांना हाक मारतात ते आम्ही. निवृत्तीनंतर बडोद्यात राहतो आणि अंगणातल्या शेडमध्ये हौसेनं काम करतो. आजूबाजूच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधली पोरंही येऊन बसतात, शिकतात.

गाडी कशाला, असं कुणी विचारेल. मशीन जमिनीवर, रॉड खिडकीत, मास्क खिळ्याला, चालतंच की. चालतं, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. माणूस कामाच्या भरात जे हाताशी आहे तेच वापरतो. मास्क चार पावलांवर असेल तर तो राहून जातो. म्हणून कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आधी हाताला लागेल, ते ठरवून गाडी बांधायची. सामान मावणं ही त्यानंतरची गोष्ट.

आता मापं घ्या. लांबी ६०० मिमी, रुंदी ४०० मिमी. पुढचे पाय ८५० मिमी, मागचे ७५० मिमी. म्हणजे वरचा कप्पा मागे कलतो, मशीनचा डायल तुमच्याकडे वर बघतो आणि वाकून आकडा वाचावा लागत नाही. २५ × २५ × ३ मिमीचा अँगल पुरतो. चार पाय आणि तीन चौकटी मिळून सव्वानऊ मीटर लागतो, वजन दहा किलोच्या आसपास. अँगल सहा मीटरचा मिळतो. दोन आणा, उरलेल्यात हँडल आणि हूक होतील.

भंगारातला पाइप वापरणार असाल तर आधी बघा, त्यावर जस्ताचा मुलामा आहे का. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि वेल्डिंगचा आर्क त्याहून कितीतरी गरम असतो. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा घासून काढा, उघड्यावर काम करा, नाहीतर सरळ साधं काळं लोखंड घ्या.

चौकट लावताना आधी फक्त टाके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय ४०० च्या चौकटीचा कर्ण ७२१ मिमी येतो. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. मग पक्कं वेल्डिंग एका कोपऱ्यावर, नंतर समोरच्या कोपऱ्यावर, असं आलटूनपालटून करा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला स्वतःकडे ओढतो. एकाच बाजूनं भरत गेलात तर चौकट पिळवटते आणि गाडी तीन चाकांवर उभी राहते.

चाकं मागे मोठी आणि स्थिर, पुढे फिरती आणि ब्रेकची. प्लॅस्टिकची हलकी चाकं ठिणग्यांनी वितळतात. रबराची किंवा बिडाची घ्या.

ज्यांच्याकडे गॅसचं मशीन आहे त्यांनी खालची चौकट मागे ३०० मिमी वाढवून त्यावर सिलिंडर उभा करायचा. भरलेल्या आरगॉनच्या सिलिंडरमध्ये दाब १५० बारच्या घरात असतो, म्हणजे कारच्या टायरच्या साठ-सत्तर पट. तो आडवा पडून वरचा व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर बाणासारखा सुटतो. म्हणून तळ जमिनीलगत, उंचीच्या दोन तृतीयांशावर साखळी, आणि गाडी हलवताना रेग्युलेटर काढून टोपी चढवलेली. सुतळी किंवा सायकलची ट्यूब चालणार नाही, ठिणगीनं जळते. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची जोडी या गाडीवर नको. तिची ट्रॉली वेगळी असते.

आता सामान लावू. सर्वांत खाली जड वस्तू: क्लॅम्प, हातोडा, लोखंडाचे ठोकळे. खाली जड असलं की गाडी कलंडत नाही. मधल्या कप्प्यात ग्राइंडर. डिस्क आडव्या आणि कोरड्या ठेवा. चांगल्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, ती वाचा. मुदत संपलेली डिस्क फिरताना फुटू शकते.

रॉडसाठी एका टोकाला पत्रा वेल्ड केलेला आणि दुसऱ्या टोकाला घट्ट झाकण असलेला लोखंडी पाइप उभा लावा. घरगुती कामात ६०१३ रॉड चालतो. त्याचं आवरण पावसाळ्यात ओल धरतं, मग रॉड चरचरतो आणि शिंतोडे उडवतो. कोकणात, आसामात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. ७०१८ रॉड तर ओलाव्याला फारच हळवा. त्यानं केलेला जोड वरून चांगला दिसतो आणि आतून तडकतो. तो किती तापमानाला सुकवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं.

जळून उरलेल्या रॉडच्या तुकड्यांसाठी वाळू घातलेला पत्र्याचा डबा अडकवा. तुकडा जमिनीवर टाकला तर चपलेला भोक पडतं, नाहीतर त्यावर पाय घसरतो. पण डबा खाद्यतेलाचाच, तोही कात्रीनं कापलेला. पेट्रोल किंवा थिनरचा रिकामा डबा आगीजवळ आणू नका. तो रिकामा दिसतो, पण आत वाफ असते. साफसफाईचे स्प्रेही गाडीवर नकोत. काहींत क्लोरीन असलेली रसायनं असतात, आणि आर्कजवळ त्यांचा विषारी वायू होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचा हूक. माझ्याकडे येणारा एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, हात चांगला. त्याच्या शेडमध्ये मास्क एकच आणि तो भिंतीवर. टाका मारायचा तर दोन सेकंदांचं काम, म्हणून हा डोळे मिटून, मान वळवून मारायचा. पण आर्कचे अतिनील किरण बाजूनं आणि भिंतीवरून परावर्तित होऊनही डोळ्याला लागतात. त्रास लगेच कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. त्याच्या आईनं बटाट्याचे काप ठेवले, गुलाबपाणी घातलं. सकाळी डॉक्टरकडे न्यावं लागलं. दोन दिवसांची रोजंदारी गेली, आणि महिन्याभरात तेच पुन्हा झालं.

त्याला भाषण देऊन उपयोग नव्हता. भाषणं त्यानं ऐकली होती. आम्ही त्याच्यासाठी एक गाडी बांधली. तिच्यावर रॉडच्या होल्डरचा हूक आत आहे आणि मास्कचा हूक त्याच्या पुढे. मास्क उचलल्याशिवाय होल्डर हातात येतच नाही. मास्कच्या आत हातमोजे कोंबलेले. मास्क उचलला की तेही हातात येतात. शेडमधली बाकीची मंडळी हसली. पण तो मुलगा आता मास्क घालतो, कारण घालणं हाच सोपा रस्ता आहे.

दुसरी युक्ती आमच्या वर्कशॉपची. गाडीच्या बाजूला पत्र्याचा फलक लावा आणि त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा: चिपिंग हॅमर, तारेचा ब्रश, पक्कड, गुण्या. काम संपल्यावर मोजत बसायचं नाही. जिथे नुसती रेषा दिसते, ते हत्यार परतलेलं नाही. आमच्याकडे याला फार महत्त्व होतं, कारण इंजिनात राहिलेला एक पाना अख्खी गाडी बसवू शकतो. घरी तो पाना लहान मुलाच्या हातात जाऊ शकतो.

शेवटची जागा आग विझवण्याच्या नळकांड्याची. हँडलच्या बाजूला, वर काहीही न ठेवता. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जातात. त्या अंतरात गवत, भुसा, कापूस, रंगाचे डबे नकोत. काम थांबल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. चहा तिथेच मागवा. आग बहुतेकदा आपण निघून गेल्यावर धुमसायला लागते.

रंग देण्याआधी सगळं सामान चढवा आणि गाडी उंबऱ्यावरून एकदा ढकलून बघा. काय सांडलं, काय हिंदकळलं, ते तेव्हाच कळतं. त्याप्रमाणे हूक बदला, मग रंग द्या.

माझी मापं जशीच्या तशी घेऊ नका. तुमचं मशीन, तुमची जागा, तुमचा हात डावा की उजवा, त्याप्रमाणे बदला. फक्त मास्कचा हूक होल्डरच्या पुढे ठेवा. तेवढा मात्र बदलू नका.