मागे उरणारा



फुलंब्रीच्या एस.टी. थांब्यावर निरोप आपण रोज पाहतो. मुलगा पुण्याला निघतो, आई डोळे पुसते. पण घरी येताच शेजारीण तिच्याजवळ येऊन बसते. येथे एकटा पडतो तो जाणारा. मागे राहणाऱ्याला गाव असते. परदेशात नेमके उलटे घडते. जाणारा आपल्या माणसांत परततो आणि निरोप देणारा परक्या मुलखात उरतो. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपणांस ठाऊक आहेत. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसने पाच डॉक्टर पाठविले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस हे सप्टेंबर 1938 मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. चोळकर नागपूरचे. 1939 साली ते आणि मुखर्जी परतले. चोळकरांबरोबर कोटणिसांचा मित्र तर गेलाच, पण मराठी बोलावयास माणूसही उरला नाही. पुढच्या वर्षी अटल परतले. मग बसूही येनानला गेले आणि कोटणीस आघाडीवर राहिले. पाचांचा एक झाला.

त्यांना परतता आले नसते असे नाही. पण जखमी सैनिक येतच होते. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. 1941 साली ते बेथून रुग्णालयाचे संचालक झाले, आणि त्याच वर्षी कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. मुलगा तान्हा होता. बसू 1943 मध्ये एकटे भारतात आले.

कोटणीस स्वेच्छेने राहिले. आखातात राबणाऱ्या आपल्या माणसाला ती मुभा कुठे असते? तेथे राहण्याचा परवाना मालकाच्या नोकरीला बांधलेला. करार संपला की गाशा गुंडाळावयाचा. कतारमध्ये तर 2018 पर्यंत बहुतेक कामगारांना देश सोडावयासही मालकाची परवानगी लागे. एका खोलीत दोन वर्षे एका पातेल्यात जेवलेली माणसे अशा तारखांनी तुटतात. जाणाऱ्याची खाट रिकामी होते, आणि तिच्यावर दुसऱ्या मुलखाचा नवा गडी येतो.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगणे आहे. परतणाऱ्याने मागच्या सोबत्याचे घर गाठावे. त्याची तब्येत आणि थकलेला पगार आईबापांना खरा सांगावा. केवळ पेढे देऊन येऊ नये. आणि उरलेल्याने नव्या खाटेवरच्या माणसाचे नाव पहिल्याच रात्री विचारावे, मग तो नेपाळचा असो की केरळचा. कोटणिसांनी परकी भाषा शिकली ती याचसाठी. संघटना म्हणतात तीही येथूनच सुरू होते.