रानडुकराला कोणती गोळी?
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय बंदुकीचा आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. मका दाण्यावर आला की डुकरांचे कळप शिरतात, भुईमूग उकरून टाकतात, रोही तुरीचे शेंडे खुडतात. एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत मातीत जाते. बँकेचा हप्ता मात्र तसाच उभा राहतो. आता गावातली तरुण पोरे मोबाइलवर परदेशातल्या शेतकऱ्यांच्या चित्रफिती पाहतात. तिकडचा शेतकरी तीनशे पावलांवरून उपद्रवी जनावर टिपतो. पोरे विचारतात, तशी रायफल आपल्याला का नको? आणि घ्यायची तर कोणत्या बोअरची?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबाने द्यायला हवे.

आधी अमेरिकेचे पाहू. माँटाना, वायोमिंग, साउथ डाकोटा या भागांत मैलोन्मैल गवताची कुरणे आहेत. तिथे प्रेअरी डॉग नावाचा, खारीच्या कुळातला, किलोभर वजनाचा प्राणी बिळे करून वसाहतीने राहतो आणि गुरांचे गवत खातो. दुसरा शत्रू कोयोट, म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या मधला. तो मेंढ्यांची कोकरे उचलतो. जनावर लहान, अंतर लांब, रान मोकळे. अशा कामाला हलकी आणि अतिशय वेगवान गोळी लागते.

म्हणून तिथे पॉइंट २२ च्या जातीची काडतुसे वाढली. १९३५ साली पॉइंट २२० स्विफ्ट आले. त्याच्या गोळीचा वेग सेकंदाला ४,००० फुटांच्या वर. पण एवढ्या जाळाने नळीचे काडतुसाच्या घरालगतचे आटे लवकर झिजतात, अशी त्याची ख्याती झाली. १९६४ चे पॉइंट २२३ त्यापेक्षा शांत. त्याची ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३,२०० फुटांनी निघते. काडतूस स्वस्त, धक्का कमी, नळी टिकाऊ. पुढच्याच वर्षी कारखान्याने बाजारात आणलेले २२-२५० तीच गोळी साडेतीन हजार फुटांच्या वर नेते. ज्याच्याकडे वारा फार, किंवा ज्याला त्याच रायफलने हरीणही मारायचे, तो १९५५ च्या पॉइंट २४३ कडे वळतो, कारण जड गोळी वाऱ्याला कमी दबते.

वाऱ्याचा आणि अंतराचा हिशेब समजून घ्या. २०० यार्डांवर नेम बांधलेली पॉइंट २२३ ची गोळी ३०० यार्डांवर जवळजवळ वीतभर खाली जाते, ४०० यार्डांवर हातभराहून जास्त. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला ३०० यार्डांवर आणखी वीतभर बाजूला ढकलतो. चार बोटे रुंदीच्या प्राण्यावर वीतभर चूक म्हणजे काडतूस फुकट. म्हणून तिकडचा शेतकरी बोअर निवडताना चार प्रश्न विचारतो. जनावर केवढे? अंतर किती? वारा कसा? आणि जनावराच्या मागे काय आहे?

हेच चार प्रश्न आपण आपल्या बांधावर उभे राहून विचारू.

जनावर केवढे? आपले डुक्कर किलोभराचे नाही. पोसलेला नर शंभर किलोपर्यंत भरतो आणि त्याच्या खांद्यावर जाड चामड्याची ढाल असते. रोहीचा नर दोनशे किलोच्याही पुढे जातो. प्रेअरी डॉगसाठी बनवलेली पातळ आवरणाची गोळी आदळताच फुटते. लहान प्राण्याला तेच हवे. डुकराच्या खांद्यावर ती वरच्यावर फुटेल, आणि जखमी डुक्कर उसात जाऊन बसेल. सकाळी पाणी धरायला कोण जाणार? आपली माणसेच.

अंतर किती? डुक्कर येते रात्री, उभ्या पिकात, बॅटरीच्या उजेडात. वीस-तीस यार्डांपलीकडे दिसत नाही. तिथे ३०० यार्डांची रायफल काय कामाची? वाऱ्याचा प्रश्न तर निघतच नाही.

मागे काय आहे? हा प्रश्न सगळ्यांत मोठा. साध्या पॉइंट २२ च्या काडतुसांच्या डबीवरसुद्धा गोळी मैल-दीड मैल धोकादायक असते अशी सूचना छापलेली असते. मोठ्या रायफलची गोळी त्याहून लांब जाते. आपली शेते दोन-तीन एकरांची. पलीकडच्या बांधावर वस्ती, गोठा, राखणीला बसलेला दुसरा शेतकरी. माँटानात चुकलेली गोळी गवतात जाते, आपल्याकडे ती कोणाच्या तरी अंगणात जाईल.

तेव्हा हिशेब काय सांगतो? आपल्या कामाला बारा बोअरची गुळगुळीत नळीची बंदूक बरी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी, तेवढे त्या नळीचे तोंड, म्हणून तिला बारा बोअर म्हणतात. एल.जी., एस.जी.चे जाड छर्रे तीस-पस्तीस यार्डांपर्यंत आणि एकगोळीचे काडतूस पन्नास यार्डांपर्यंत भरवशाचे. नळीला चोक असेल तर भरीव गोळी भरण्याआधी जाणत्या कारागिराला नळी दाखवा. आणि बार शक्यतो राखणीच्या माळ्यावरून, खालच्या दिशेने करा. चुकला तर गोळी मातीत जावी.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ वाचा. खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे तिथे लिहिले आहे. ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते असेही त्यातच आहे. एक बार काढून पुन्हा दारू ठासेपर्यंत कळप अर्धे शेत तुडवतो, हे अर्जात लिहा आणि त्या तरतुदीचा उल्लेख करा.

पण परवाना म्हणजे मारायची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, उभ्या पिकाला धोका या कारणाने त्यांच्याबाबत असा आदेश निघू शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकासाठी त्याच्यावर नळी रोखायची नाही.

आदेश वेळेवर निघत नाही, तिथे सगळे अडते. पीक पंधरा दिवसांत संपते, कागद महिनाभर फिरतो. मग कोणी कुंपणात चोरून वीज सोडतो, कोणी गावठी बॉम्ब पेरतो. त्यात शेजाऱ्याचा मुलगा जातो, घरची गाय जाते, वाघ जातो, आणि शेतकरी सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुरुंगात जातो. सरळ वाट बंद ठेवली की माणूस वाकड्या वाटेने जातो. तरीही आम्ही स्पष्ट सांगतो, तारेत वीज सोडणाऱ्याच्या पाठीशी आम्ही उभे राहणार नाही.

वाट काढता येते. केरळ सरकारने २०२२ साली रानडुकरांबाबत आदेश देण्याचे अधिकार पंचायत अध्यक्षांपर्यंत आणले. आमच्या मागण्या तीनच आहेत. परवानगीचा अधिकार गावाजवळ आणा आणि त्याला दिवसांची मुदत घाला. पीकसंरक्षणासाठी बारा बोअरचे परवाने कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे द्या. आणि निवडणूक लागली की ज्याच्यावर गुन्हा नाही, ज्याचे पीक उभे आहे, त्याची बंदूक ठाण्यात जमा करून घेऊ नका. डुकरे आचारसंहिता पाळत नाहीत.

लांब पल्ल्याची रायफल ज्याच्या कुरणात शोभते त्याला लखलाभ. आपण जवळच्या बाराची बंदूक आणि वेळेवरचा कागद मागू. गावोगाव अर्जांचे नमुने घेऊन जा, नुकसानीचे पंचनामे जोडा, पोच घ्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने पोच घेतलेल्या अर्जांची यादी आणायची आहे.