बैठकीआधीचा कागद
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कोणी म्हणेल, आम्ही कापसाच्या भावाचं ऐकायला आलो आणि हा युरोपातल्या मंत्र्यांच्या बैठका सांगत बसला. सांगतो, कारण त्या बैठकांत कापूसही आहे आणि घरच्या माणसाच्या मजुरीचा एक खटलाही आहे.

युरोपीय संघात २७ देश आहेत. त्यांचं शेतीधोरण १९६२ पासून सामायिक आहे. या सगळ्यांचे शेतीमंत्री साधारण महिन्यातून एकदा बसतात. एरवी ब्रुसेल्सला, आणि एप्रिल, जून, ऑक्टोबर या महिन्यांत लक्झेंबर्गला. अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरतं. २०२६ चा पूर्वार्ध सायप्रसचा, उत्तरार्ध आयर्लंडचा. २०२७ चा पूर्वार्ध लिथुआनियाचा आणि उत्तरार्ध ग्रीसचा. अध्यक्ष देश विषयपत्रिका तयार करतो आणि तिचा मसुदा निदान चौदा दिवस आधी सगळ्यांकडे जावा, असा नियम आहे.

या विषयपत्रिकेचे दोन भाग असतात. पहिल्यातले विषय अधिकाऱ्यांनी आधीच जुळवून आणलेले. मंत्री त्यांना चर्चेविना मान डोलावतात. दुसऱ्या भागातल्या विषयांवर मंत्र्यांची खरी चर्चा होते. शेतीसाठी अधिकाऱ्यांची एक खास समिती १९६० पासून आहे, बराचसा मामला तीच निकालात काढते. म्हणजे बाबू तिथेही बाबूच! पण कोणता कागद कोणत्या दिवशी टेबलावर येणार, हे तिथल्या शेतकऱ्याला अगोदर कळतं. २६ फेब्रुवारी २०२४ ला शेतीमंत्री आत बसले होते आणि बाहेर ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर उभे होते. कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मागे घेत असल्याचं आयोगाला त्याच महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करावं लागलं होतं.

आता कापूस. ग्रीस १९८१ साली संघात शिरला तो करारातच कापसाचं कलम लिहून घेऊन. १९८६ ला स्पेन आला, तोही कापूसवाला. ग्रीसला अडीच लाख हेक्टरपर्यंत आणि स्पेनला ४८ हजार हेक्टरपर्यंत कापसाची हेक्टरी वेगळी रक्कम मिळण्याची सोय आहे. जगाच्या पिकात त्यांचा कापूस चिमूटभर, आणि बहुतेक ओलिताचा. आपल्यासारखं आभाळाकडे पाहणं तिथे कमीच.

एप्रिल २००४ मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत मंत्र्यांनी या मदतीची वाटणी बदलली. ६५ टक्के रक्कम कापूस पेरा की न पेरा, मिळणार. ३५ टक्के ज्याच्या शेतात कापूस उभा आहे त्यालाच. २९ एप्रिलला कायदा झाला. दोनच दिवसांनी दहा नवे देश संघात यायचे होते. स्पेन या कायद्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेला आणि ७ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. न्यायालयाने विचारलं ते इतकंच: ३५ टक्क्यांत कापूस परवडेल असं तुम्ही ज्या हिशोबावरून ठरवलं, त्यात शेतकऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या श्रमाचा खर्च कुठे आहे? तो धरलाच नव्हता. जिनिंगवाल्यांचं काय होईल तेही तपासलं नव्हतं. कापसाचा तो भाग रद्द झाला. नवा कायदा होईपर्यंत तेवढा जुना चालू ठेवला. २००८ ला नवा कायदा आला तेव्हा ६५-३५ हे प्रमाण तसंच राहिलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हिशोब पुन्हा मांडावा लागला, आणि कापूसपट्ट्याच्या फेरबांधणीसाठी वेगळा पैसा काढावा लागला.

पुढचा मोठा विषय २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाचा. १६ जुलै २०२५ ला आयोगाने त्याचा प्रस्ताव मांडला. शेतीचा स्वतंत्र गल्ला मोडून तो इतर योजनांच्या गल्ल्यात मिसळायचा आणि त्यातले सुमारे ३०० अब्ज युरो शेतकऱ्यांसाठी राखून ठेवायचे. चालू सात वर्षांत हा आकडा सुमारे ३८७ अब्ज होता. नवं अंदाजपत्रक मंजूर व्हायला एकूण एक देशाची संमती लागते. त्यामुळे ग्रीसचा मंत्री कोणत्या बैठकीत अडून बसतो, याकडे तिथला कापूसवाला डोळा लावून असणार.

आणि आपल्याकडे? १८ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीत अधिसूचना निघाली. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क दुसऱ्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ. दहा दिवसांनी, २८ ऑगस्टला, तीच माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीचा आणि विक्रीचा हंगाम. पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना, पेरलेलं मागे घेता येत नसताना! गिरणीवाल्यांची ही मागणी जुनीच होती, त्यांना सरकारचं दार माहीत आहे. आपल्याला कळलं ते पेपरातून.

हमीभावाचं तेच. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि भाव दिला ७,७१०. संकरित ज्वारीला ३,६९९. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज या खर्चात नाही, हे आपण किती वर्षं ओरडतो आहोत. घरची मजुरी धरली आहे म्हणतात. किती दिवसांची धरली? दिवसाला काय दर लावला? तुमच्या गावात हे कोणाला ठाऊक आहे का?

कृषिमूल्य आयोग खरिपाची शिफारस करण्याआधी शेतकरी संघटनांचं म्हणणं मागवतो. तो दिवस या वर्षी मोकळा जाता कामा नये. बैठक संपली की तालुकाप्रमुखांनी टेबलावरचे कोरे तक्ते घेऊन जावेत. प्रत्येक गावातली निदान पाच घरं, कोरडवाहूच, ओलिताचं एकही नको. सरकी टोबण्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंतचे दिवस लिहा. ज्वारीची राखण, सोंगणी, खुडणी लिहा. रानडुकरांमागे जागलेल्या रात्रीही लिहा, त्या कोणी धरत नाही. आणि निंदणी-वेचणीचे दिवस घरच्या कारभाऱ्याने अंदाजाने सांगू नयेत. बाईला समोर बसवून, तिला विचारून भरा.