सांख्यिकीच्या एम.एस्सी.चा अर्ज : निकालाची वाट पाहू नका

(पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





मी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवते. मला इथे 'करिअर' या विषयावर बोलायला सांगितले आहे. तो विषय फार मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे : सांख्यिकीत पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल तर अर्ज कधी करायचा, कुठे करायचा आणि हातात काय काय तयार ठेवायचे. कारण हुशार मुले-मुली परीक्षेत कमी पडल्यामुळे जेवढी थांबतात, त्याहून जास्त अर्जाची तारीख निघून गेल्यामुळे थांबलेली मी पाहिली आहेत.

आपल्याकडे समज असा की आधी बी.एस्सी.चा निकाल लागू दे, मग बघू. जून-जुलैमध्ये गुणपत्रिका हातात येते, मुलगा किंवा मुलगी चौकशीला निघते आणि कळते की चांगल्या संस्थांचे दरवाजे सहा-आठ महिन्यांपूर्वीच बंद झाले. म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. पदव्युत्तर प्रवेशाचे वर्ष तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये सुरू होते.

सी. आर. राव यांचे नाव सांख्यिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. २०२३ साली त्यांना या विषयातला सर्वोच्च मानला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या माणसाने तरुणपणी गणितात एम.ए. केल्यावर संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. तो उशिरा पोचला म्हणून नाकारला गेला. मग नोकरीच्या शोधात ते कलकत्त्याला गेले. तिथे योगायोगाने त्यांना महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची माहिती मिळाली. १९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने सांख्यिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि राव त्याच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी झाले. त्यांना योगायोगाने हात दिला. तुम्ही आपला अर्ज योगायोगावर सोडू नका.

हा विषय आपल्या मुलखापासून दूरचाही नाही. कोल्हापूरचे वसंतराव हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठात सांख्यिकी विभाग उभा केला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे शेतीच्या नमुना पाहणीचे काम करत थेट जागतिक अन्न व कृषी संघटनेपर्यंत पोचले. छोट्या गावातून या विषयात जाता येते, हे त्यांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

आता वेळापत्रक सांगते. पहिला दरवाजा 'जॅम' परीक्षेचा. कानपूर, मुंबई अशा आयआयटींमधल्या सांख्यिकीच्या प्रवेशासाठी त्यात 'मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स' हा पेपर असतो. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा आणि परीक्षा फेब्रुवारीत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात. मुलींना परीक्षा शुल्क निम्मे आहे, ही गोष्ट पालकांनीही लक्षात ठेवावी. पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा, ६० प्रश्नांचा. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. ज्यांत आकडा लिहायचा असतो त्यांत कापले जात नाहीत. म्हणून अंदाजाने गोळे काळे करायची सवय इथे महागात पडते.

दुसरा दरवाजा 'सीयूईटी पीजी'. हैदराबाद, दिल्ली अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी ही परीक्षा साधारण मार्चमध्ये होते आणि अर्ज हिवाळ्यात निघतो. तिसरा दरवाजा भारतीय सांख्यिकी संस्थेचा, म्हणजे आयएसआयचा. तिथल्या पदवीचे नाव एम.स्टॅट. वस्तुनिष्ठ आणि वर्णनात्मक अशी लेखी परीक्षा साधारण मे महिन्यात, त्यानंतर मुलाखत. या संस्थेत विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. 'बाहेरगावी ठेवायला परवडत नाही' म्हणणाऱ्या घराने तरी हा अर्ज भरलाच पाहिजे. चौथा दरवाजा आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा. पुणे, मुंबई, कोल्हापूर इथल्या विभागांच्या तारखा आणि पद्धती वेगवेगळ्या असतात; त्या त्या विभागाच्या संकेतस्थळावर दर वर्षी पाहाव्या लागतात. चारही ठिकाणी अर्ज करा. एकाच ठिकाणी अर्ज करून नमाजात दुआ मागत बसणे ही तयारी नव्हे.

तयारी कशाची? संभाव्यता, वितरणे, एस्टिमेशन, टेस्टिंग हे तर आहेच. पण आपली मुले अडतात ती गणितात : कॅल्क्युलस आणि लिनीअर अल्जेब्रा. पदवीला गणित हा विषय किती वर्षे होता हे अनेक संस्था पात्रतेत पाहतात. त्यामुळे जे आज पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी 'सोपा पेपर' घेण्यासाठी गणित सोडू नये. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. रोज दोन तास, हातात पेन घेऊन. नुसते व्हिडिओ पाहून गणित येत नाही.

आता कागदपत्रांकडे येते. आपल्या समाजात खरी अडचण इथे आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव 'शेख', त्याचे इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरे. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे शेवटी. अर्ज भरताना ही विसंगती अडवते, आणि प्रवेशाच्या दिवशी पडताळणीत पुन्हा अडवते. आज घरी गेल्यावर दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधार दुरुस्त करणे किंवा राजपत्रात नावाची नोंद करणे याला वेळ लागतो. तो वेळ आत्ता आहे, जूनमध्ये नसेल.

दुसरे, जातीचा दाखला. मुस्लिमांमधल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत. पण राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची यादी वेगळी. आयआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठासाठी केंद्राच्या यादीत नाव हवे, दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र त्यांनी सांगितलेल्या आर्थिक वर्षाचे हवे. तहसील कार्यालयात जाऊन 'दाखला द्या' एवढेच म्हणाल तर राज्याचा मिळेल. 'केंद्राच्या नमुन्यातला द्या' असे स्पष्ट सांगा.

आता पालकांशी दोन शब्द. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारले होते, "मॅडम, ग्रॅज्युएट झाली ना पोरगी, आता हे आणखी शिकून काय करणार?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. म्हणून उत्तरही सरळ दिले. केंद्र सरकारची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागात अधिकारी व्हायला पदव्युत्तर पदवी लागते. औषध कंपन्यांत नवे औषध लागू पडते की नाही हे ठरवणाऱ्या चाचण्यांचे गणित सांख्यिकीवाले करतात. विमा आहे, बँका आहेत. शिकवायचे असेल तर नेट-सेट आहे. ते म्हणाले, "दोन वर्षे थांबायचे म्हणजे स्थळे जातात." मी म्हटले, "भाईसाहब, स्थळ पुढच्या वर्षीही येईल. ही अर्जाची तारीख मात्र या वर्षाची आहे. फॉर्म तरी भरू द्या, निवड झाली की मग बसून बोलू." त्यांनी फॉर्म भरू दिला. मी पालकांकडे एवढेच मागते. अर्ज भरल्याने कोणी घर सोडून जात नाही. न भरल्याने मात्र बोलण्यासारखे काहीच उरत नाही.

शेवटचा मुद्दा. हा विषय आपल्याला का हवा? एक उदाहरण देते. २००१ च्या जनगणनेत देशातल्या मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, देशाची सरासरी सुमारे ६५. महाराष्ट्रात मात्र मुस्लिमांची साक्षरता ७८.१ आणि राज्याची ७६.९. म्हणजे इथे आपण पुढे! हा आकडा घेऊन कोणी म्हणेल, महाराष्ट्रातल्या मुस्लिमांना शिक्षणाची अडचणच नाही. सांख्यिकी शिकलेली मुलगी लगेच विचारेल, तुलना कोणाशी केली? राज्यातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहतात, एकूण राज्यात तेव्हा शहरी लोक सुमारे ४२ टक्के होते. शहरात साक्षरता सगळ्यांचीच जास्त असते. मग शहरी माणसाची तुलना शहरी माणसाशी करा, तेव्हा खरे चित्र दिसेल. आणि साक्षरतेवरच का थांबायचे, दहावीनंतर किती जण उरतात ते मोजा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने ते देशपातळीवर मोजले : वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी, एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के.

आपल्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, आपल्या बाजूने आणि विरुद्धही. आकडा तपासून 'हे बरोबर' किंवा 'हे चूक' असे सांगणारे थोडे आहेत. मला आपल्या बाजूचा आकडा फुगवणारे नको आहेत. आपल्याला गैरसोयीचा निघाला तरी खरा आकडा मांडणारे हवे आहेत. ती शिस्त घोषणांतून येत नाही, वर्गात बसून शिकावी लागते.

तेव्हा घरी जाऊन तीन कामे करा. प्रमाणपत्रावरचे नाव ताडून पाहा. चार परीक्षांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि पहिला अर्ज उघडला की त्याच आठवड्यात भरा. कुठे अडलात तर मला किंवा तुमच्या शिक्षकांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.