अभ्यास झाला, आता पळायला सोडा

(कोलशेत गावठाणातील बचत गटांच्या एकत्र बैठकीत, ऑगस्ट २०२१ मध्ये केलेले भाषण)



बचत, हप्ते, परतफेड हे विषय झालेत. मला दहाच मिनिटं हवीत. विषय तुमच्या पोरांचा आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून शाळा मोबाईलमध्ये आली. अभ्यास बुडू नये म्हणून तुम्ही किती धडपड केलीत, ते मी पाहिलंय. कुणी फोनसाठी गटातून कर्ज उचललं, कुणी रिचार्जसाठी घरखर्च आवळला. पण शाळेबरोबर आणखी काय गेलं? शाळेपर्यंतचं चालणं गेलं. मधल्या सुट्टीतली पळापळ गेली. पीटीचा तास गेला. त्याची नोंद कुणीच ठेवली नाही.

मीही नाही. पहिल्या लाटेत "पोरांना घरात ठेवा" असं फोन करून मीच सांगत होते. तेव्हा ते गरजेचं होतं. पण घरात ठेवून त्यांनी करायचं काय, हे सांगायचं राहिलं. ती चूक माझी.

गेल्या महिन्यात एका घरी गेले होते. आठवीतली मुलगी मला गच्ची दाखवायला निघाली. दोन मजले चढली आणि कठड्याला धरून थांबली. म्हणाली, "ताई, मी शेवटची कधी पळाले तेच आठवत नाही." तिचा भाऊ तेव्हा खाली क्रिकेट खेळत होता.

आई म्हणाली, "ती बसून कुठे असते? घरातलं सगळं तीच करते." खरं आहे. भांडी, झाडलोट, पाणी भरणं, यात अंग हलतं. पण ते काम झालं, खेळ नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं आणि स्नायू बळकट होतील असे खेळ हवेत. मुलगा-मुलगी असा फरक त्यात नाही. हाडांची पुंजी लहानपणी आणि तरुणपणीच जमते, पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च होतो. बचतीचं गणित तुम्हाला मी काय सांगणार!

"वेळ कुठे आहे?" असं विचाराल. जुलै २०२० मध्ये राज्य शासनाने ऑनलाईन वर्गाची वेळ ठरवून दिली. पहिली-दुसरीला अर्ध्या तासाची दोन सत्रं, तिसरी ते आठवीला पाऊण तासाची दोन, नववी ते बारावीला पाऊण तासाची चार. म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलाची शाळा फार तर दीड तास. बाकी वेळ हातात मोबाईल असेल, तर ती शाळा नाही. आणि एकच फोन बाबांबरोबर कामावर जात असेल, तर दिवस मोकळाच आहे.

जागा नाही, हेही मला माहीत आहे. आजूबाजूला टॉवर झाले, अंगणं गेली. तरी दहा बाय दहाच्या खोलीत तळ्यात-मळ्यात होतं. लंगडी होते. दोरीच्या उड्यांना ओटा पुरतो. मंगळागौरीला तुम्ही फुगडी आणि झिम्मा खेळता, तेच लेकीबरोबर रोज दहा मिनिटं खेळा, तुमचाही व्यायाम होईल. एका दमात तासभर जमलं नाही तर वीस-वीस मिनिटं तीनदा करा. सत्र संपलं की आधी उठायचं, पाणी प्यायचं, मग उड्या. बाहेर गेलात तर गर्दी टाळा, मास्क लावा.

एक विनंती. पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या नोंदी झाल्या की प्रत्येकीने एवढंच सांगायचं: माझी मुलगी या आठवड्यात किती दिवस खेळली. मुलाचं विचारणार नाही, तो खेळतोच आहे. भांडी तासभर थांबली तर काही बिघडत नाही. आणि थांबायची नसतील, तर त्या तासाला भावाला बसवा.